आजोबांची मॉरिस मायनर विकायची आहे? आधी कागद, मग पत्रा. रंगाचं नाव काढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात कसब्यातल्या वाड्यात १९५४ ची मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल कित्येक वर्षं एका जागी उभी आहे. आजोबा डॉक्टर. एडिंबरोहून शिकून परत येताना १९५५ साली त्यांनी ती बोटीनं आणली. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे आणि ते जाऊनही बराच काळ लोटला. आता वाडा पाडायचा आहे, म्हणून गाडी विकायची. पुण्याचा एक एजंट फोटो पाहूनच भाव सांगतोय, ‘याच आठवड्यात टेम्पो पाठवतो’ म्हणतोय. अक्कलकोट रोडचा पेंटर म्हणतोय, ‘आधी चकाचक रंग मारा, मग दहापट मिळतील.’ कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. एजंटला घाई का आहे ते पुढे येईलच. आधी हातात नेमकं काय आहे ते समजून घ्या.

मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. रचना ॲलेक इसिगोनिस यांची, ज्यांनी पुढे १९५९ मध्ये मिनी काढली. युद्धानंतरच्या पेट्रोलटंचाईच्या इंग्लंडात डॉक्टर, नर्स, शाळामास्तर यांना परवडेल अशी ही गाडी होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे १६ लाख निघाल्या. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. म्हणजे जगाच्या बाजारात ती दुर्मिळ नाही, एमजी किंवा जॅग्वारच्या पंगतीत बसत नाही. ‘विंटेज आहे, कोटीत जाईल’ असं कुणी पाव्हण्यांनी सांगितलं असेल तर ते विसरा. पण भारतात उघड्या टपाची मायनर, तीही एकाच घरात राहिलेली, आणणाऱ्या माणसाच्या नावासकट, ही वेगळी गोष्ट आहे. तुम्हाला किंमत मिळणार आहे ती या तीन गोष्टींची. त्यातली एक जरी निसटली तरी उरते ती एक जुनी छोटी मोटार.

म्हणून पहिली तपासणी: गाडी मुळात कन्व्हर्टिबलच आहे का? प्रश्न खुळचट वाटेल, कारण तुम्ही लहानपणापासून टप पाहिलाय. पण मायनरचं छप्पर कापून उघडी गाडी करणं हा जगभर चाललेला उद्योग आहे. चांगला गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत हेच बघतो. बोनेट उघडा, फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीवरची, पाटी शोधा, रॉकेलच्या चिंधीनं हलक्या हातानं पुसा, घासू नका. तुमच्या काळातल्या गाडीचा नंबर तीन अक्षरांनी सुरू होतो. पहिलं अक्षर ‘एफ’ म्हणजे मायनर. दुसरं बॉडीचं: ‘ए’ चार दारांची, ‘बी’ दोन दारांची बंद गाडी, ‘एल’ लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर आणि ‘सी’ कन्व्हर्टिबल. तिसरं अक्षर कारखान्यात मारलेल्या रंगाचं, ‘ए’ म्हणजे काळा. तिथे ‘एफ सी’ निघालं तर निम्मी लढाई जिंकलात. ‘एफ बी’ निघालं तर कुणीतरी कधीतरी छप्पर उतरवलंय. गाडी विकता येईल, पण जाहिरातीत तसं स्पष्ट लिहूनच.

पाटी बदलता येते, पत्रा खोटं बोलत नाही. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच तिची हाडं. छप्पर काढलं की ताकद जाते, म्हणून कारखान्यानं कन्व्हर्टिबलमध्ये दारांखालच्या सिलला आणि डॅशबोर्डखाली जादा आधार जोडले होते. ते हातानं चाचपडून कळतात. दुसरी खूण म्हणजे १९५१ नंतरच्या खऱ्या कन्व्हर्टिबलमध्ये मागच्या सीटच्या बाजूच्या काचा पक्क्या असतात. टप खाली केला तरी त्या आपल्या चौकटीत उभ्याच राहतात.

साल पक्कं करायलाही पुढचं तोंड उपयोगी पडतं. १९५४ च्या ऑक्टोबरपर्यंत बारीक जाळीची ग्रिल होती, नंतर आडव्या पट्ट्यांची आली आणि त्याच वेळी स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मध्यभागी गेला. आरसीवर १९५४ आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. नोंदणीचं साल आणि बनवण्याचं साल यात फरक असतो. गाडीचं तोंड काय सांगतंय तेही बघा. इंजिन मूळचं असेल तर ८०३ सीसीचं, नंबर ‘ए पी एच एम’नं सुरू होणारा. तो आरसीवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. मधल्या काळात कुणी दुसरं इंजिन बसवून नोंद केली नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. गिऱ्हाईक आरटीओच्या दारात उभा असताना कळलं तर व्यवहार तिथेच मोडतो.

आता कागद. जुन्या गाड्यांचे सगळ्यात जास्त व्यवहार इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नावावर गाडी नाही. म्हणजे आज तुम्ही ती विकूच शकत नाही, एजंट काहीही म्हणो. तो म्हणेल, ‘आजोबांच्या नावाचं बुक द्या, कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, बाकी आम्ही बघतो.’ हे ‘बाकी’ म्हणजे काय ते ऐका. या धंद्यात काही लोकांना गाडी नकोच असते, त्यांना हवं असतं बुक. ‘मालक, गाडी राहू द्या, नुसतं बुक देता का?’ असा फोन तुम्हालाही येईल. तुमच्या आजोबांचा चासी नंबर मग कुठल्यातरी बिनकागदाच्या गाडीवर ठोकला जातो. उद्या त्या गाडीवर गुन्हा दाखल झाला की चौकशी कसब्यात येते. म्हणून चासी नंबर आणि आरसीचा पूर्ण फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. शेवटचे आकडे झाका. खरा गिऱ्हाईक येऊन बघतो.

रस्ता असा. आधी जिथे नोंद आहे त्या आरटीओत जाऊन रजिस्टरचा उतारा मागा. गाडी बोटीनं मुंबईला उतरली, त्यामुळे नोंद मुंबईची असू शकते, नंतर कधी सोलापूरला वर्ग झालेली असू शकते. आरसीच्या मागच्या पानांवरचे शिक्के नीट वाचा. इतकी जुनी नोंद संगणकात नसण्याचीच शक्यता जास्त. मग मूळ रजिस्टर शोधून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. हे काम वेळखाऊ आहे. कारकुनाशी गोड बोला, अर्जाची पोच घ्या, पुन्हा जा. कर थकलेला दाखवतील. गाडी वापरात नाही अशी सूचना आजोबांनी किंवा वडिलांनी त्या काळी दिली असेल तर त्याची पोच शोधा, थकबाकीच्या हिशेबात तिचा उपयोग होतो.

मग वारसांच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१. कायद्यानं हे मालक गेल्यावर तीन महिन्यांत करायचं असतं, तुम्हाला त्याहून खूपच जास्त झालंय. उशिराचा दंड भरावा लागेल, तो भरा आणि मोकळे व्हा. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर वारस म्हणजे फक्त वडील आणि काका नव्हेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. दोन्ही आत्यांची लेखी संमती घ्या, त्या हैदराबादला असोत नाहीतर बार्शीला. सगळे एकमतानं असतील तर प्रतिज्ञापत्र आणि ना-हरकत यावर सहसा भागतं. एकानंही खुसपट काढलं तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो. आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. गाडीपेक्षा कायदा जुना! नाव एकाचंच लावा, शक्यतो वडिलांचं. चौघांच्या नावावर केलीत तर विकताना चौघांना एका दिवशी एका जागी आणणं हेच मोठं काम होऊन बसतं.

आता ‘विंटेज नोंदणी’बद्दल. १५ जुलै २०२१ ला केंद्रानं नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षं टिकते, पुढच्या वेळी ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो आणि तुमच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. तो जुना नंबर गाडीच्या किमतीचाच भाग आहे. हौस म्हणून नवा नंबर घेऊ नका. अर्जासोबत विमा, जुनं आरसी आणि आयात गाडी असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री लागतं. तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका उघडा. बोटीची पावती, मुंबई कस्टमचा कागद, इंग्लंडमधलं खरेदीचं बिल, ड्रायव्हरचं हँडबुक, पेट्रोलच्या वह्या, लग्नात गाडीसमोर काढलेला फोटो, सगळं एका फायलीत लावा. गिऱ्हाईक निम्मा भाव या फायलीकडे बघून ठरवतो, असं म्हटलं तरी चालेल.

ही विंटेज नोंदणी तुम्ही करायची की घेणाऱ्यानं? माझं मत: नाव बदलणं तुमचं काम, विंटेज नोंदणी त्याचं. गाडी विंटेज नोंदणीसाठी तपासणाऱ्या समितीसमोर न्यायची तर ती आधी चालती करावी लागेल, आणि ते तुम्ही करू नये. पण त्या नियमांतली एक अट त्याला आठवणीनं सांगा. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात घालता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. हे सांगायचं कारण म्हणजे सोलापुरात तुमच्याकडे पहिले येतील ते वरातीसाठी भाड्यानं गाड्या देणारे. उघडी गाडी, फुलांच्या माळा, नवरदेव उभा! पैसेही रोख दाखवतील. त्यांना विकण्यात बेकायदा काही नाही, पण दोन लग्नसराया झाल्या की सीट, टप आणि गिअरबॉक्स यांचं काय होतं ते मी पाहिलंय. मी तरी त्यांना शेवटच्या रांगेत ठेवतो.

पेंटरकडे वळू. रंग मारू नका. त्याचा हिशेब सरळ आहे: गंजलेला पत्रा ठोकायचा, वर लांबी (पुटी) भरायची, घासायची, लाल रंग फवारायचा. लांब उभं राहून गाडी नवी दिसते. जाणकार गिऱ्हाईक मात्र खिशातून लोहचुंबक काढतो. जिथे चिकटत नाही तिथे लांबी; मग खाली पत्रा आहे की नाही हेच त्याला कळत नाही, आणि शंका आली की तो वाईटात वाईट धरूनच भाव करतो. उलट जुना, फिकट, ओरखडे पडलेला मूळ रंग म्हणजे आत काय आहे ते उघड दाखवणारी गाडी. पूर्ण रिस्टोरेशन केलंत तर मायनरसारख्या गाडीत घातलेले पैसे निघत नाहीत, हा इथलाच नाही, इंग्लंडचाही अनुभव आहे. तो खर्च हौसेचा असतो, आणि हौस घेणाऱ्याची असू द्या.

मग काहीच करू नये का? थोडं करा. सोलापूरची कोरडी हवा पत्र्याला मानवते. कोकणात इतकी वर्षं उभी राहिली असती तर तळ हातात आला असता. पण आपला उन्हाळा रबर, टपाचं कापड आणि सीटचं रेक्झिन खातो, ते गेलेलंच धरा. टप फाटून पावसाचं पाणी आत साचलं असेल तर गंज जमिनीच्या पत्र्यात, सिलमध्ये आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी असतो. चटया उचला, कोरडं करा, उंदरांची घरटी काढा, फोटो घ्या. गाडी धुऊ नका, प्रेशर पंप तर अजिबात लावू नका.

इंजिन फिरतं का हे दाखवता आलं तर भावात नक्की फरक पडतो. पण बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह आवरा. चारही प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग पुढून हँडल घालून हातानं हळू फिरवा. फिरलं तर त्याचा व्हिडिओ काढा आणि तिथेच थांबा. अडकलं तर जोर करू नका, तसं सांगून विका. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट डिंक झालेलं असतं, ते कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ देऊ नका. कुणी हौशी इलेक्ट्रिशियन आलाच तर त्याला आधीच सांगा की या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या सवयीनं उलटं जोडलं तर धूर निघेल. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत असत का, ते वडिलांना विचारा. आपल्या भागातल्या जड पाण्यानं इंजिनच्या आतल्या वाटा क्षारानं भरतात, आणि घेणाऱ्याला हे आधी सांगितलेलं आवडतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याखाली दडलेला असतो. इतक्या वर्षांत तो जाम झालेलाच असणार. म्हणून ‘एक चक्कर मारू’ हा हट्ट कुणाचाही, अगदी काकांचाही, मान्य करू नका.

जाहिरात साधी ठेवा. साल, पाटीवरची अक्षरं, आरसीची स्थिती, किती काळ उभी, काय नाही, काय मोडलंय. सकाळच्या उन्हात चारही बाजूंनी फोटो, मग इंजिन, पाटी अर्धी झाकून, डॅशबोर्ड, दारांच्या खालच्या कडा आणि गाडीखालून. गंजाचे फोटो सगळ्यात आधी घाला. त्यामुळे फुकट बघे गळतात आणि येणारा तयारीनं येतो. मुंबईच्या विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या सभासदांपर्यंत माहिती पोचवा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, हैदराबाद, बंगळूर, इथले हौशी लोक एकमेकांना ओळखतात. सोलापूर पुणे-हैदराबाद रस्त्यावरच असल्यानं येणाऱ्याला फार वाकडी वाट करावी लागत नाही. हंगाम हिवाळ्याचा, कारण रॅल्या तेव्हाच असतात. फक्त संक्रांतीच्या आसपास कुणाला बोलावू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांची मिरवणूक चालू असताना, कसब्यात मोटार काय, सायकल शिरणं मुश्किल.

परदेशातून विचारणा आली तर दोन शब्द. आपल्याकडे निर्यातीवर बंधन आहे ते १ जानेवारी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांवर, तुमची त्यानंतरची. पण जहाज, कागद, कस्टम हे सगळं घेणाऱ्याच्या माथी राहू द्या, आणि पैसे खात्यात पूर्ण आल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढू नका.

भाव मी इथे सांगणार नाही. खालून न बघता मायनरचा भाव सांगणाऱ्याला मीच दारातून परत पाठवतो. तुम्ही एवढंच करा: तीन वेगवेगळ्या गावांच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना गाडी दाखवा आणि त्यांच्याकडून आकडा लेखी मागवा. सगळ्यात वरचा आकडा सगळ्यात चांगला असतोच असं नाही. ‘महिन्यानं पैसे’ म्हणणाऱ्या वरच्या आकड्यापेक्षा आज बँकेत भरणारा खालचा बरा. विसार घ्या, पण चेकनं किंवा खात्यावर, आणि पावतीवर लिहा की ठरल्या तारखेपर्यंत उरलेली रक्कम आली नाही तर काय. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, तितक्याच रकमेचा होतो. ‘अर्धे वर, अर्धे खाली’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर सहसा भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. पण आजोबा डॉक्टर होते, त्यांनी गाडी दवाखान्याच्या हिशेबात दाखवून घसारा घेतला होता का, एवढं सीएला विचारून घ्या.

गाडी देताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरूनच सह्या, एकही रकाना कोरा नको. घेणाऱ्याचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि गाडी नेल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती ठेवा. नंतर महिनाभरात नाव बदललं का ते स्वतः तपासा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. अपघात झाला तर जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी सपाट पाठीच्या ट्रकवरच जाऊ द्या. टोचन लावून ओढत नेणं या पेटीबॉडीला आणि जाम ब्रेकना झेपणार नाही. ट्रक गल्लीत येणार नाही, तेव्हा चाकांत हवा भरून, चार माणसं लावून मोठ्या रस्त्यापर्यंत ढकला. सुटे भाग, जॅक, हँडल, हबकॅप, जुना टप, यांची यादी करून सही घ्या.

पुण्याच्या एजंटला सांगा: बुक वडिलांच्या नावावर झालं की कळवतो, तोवर विसारही नको. घाई त्याला यासाठीच आहे की नाव बदललं की गाडीचा भाव वाढतो आणि तो वाढीव भाव त्याला स्वतःच्या खिशात हवाय. वाडा आधी पाडायला निघाला तर गाडी ठेकेदाराच्या भरवशावर ठेवू नका. एमआयडीसीत एखादं बंद गोदाम भाड्यानं घ्या, जॅकवर उभी करा, किल्ली घरी ठेवा. आणि पाडकाम सुरू होण्याआधी त्या माळ्यावरच्या ट्रंका आठवणीनं खाली उतरवा.